ताईंच्या फोनमागचं मार्केट यार्ड

आमच्या मोठ्या जाऊबाई मुक्ताई, त्यांना घरात सगळे ताई म्हणतात. मार्केट यार्डात मात्र त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. तिथे त्या ‘फोनवाल्या बाई’. लाल मिरचीच्या एका घाऊक पेढीवर त्या लग्नाआधीपासून फोन घ्यायच्या.

मी नवी नवरी होते तेव्हा त्यांचा डबा पोचवायला जायचे. खाली गोदाम आणि वर लाकडी माळ्यावर ऑफिस. लोखंडी जिना चढेपर्यंत शिंकून शिंकून माझे डोळे गळायला लागायचे. ताई मात्र एका हाताने पदर नाकाला लावून, दुसऱ्या हातात रिसीव्हर धरून शांतपणे बसलेल्या. खालून हमालांचं “सरका, सरका!”, काट्यावर पोती आदळल्याचा आवाज, कुणाची तरी जोरदार शिंक, आणि या सगळ्यातून त्यांचं बोलणं: “नमस्कार, बोला. घरचे बरे आहेत ना?” आधी घरच्यांची चौकशी, मग मिरचीचा भाव.

खंडेनवमीला खाली तराजूची पूजा व्हायची, वर ताई फोनची करायच्या. काळ्या रिसीव्हरला हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवायच्या. मोठे शेठ म्हणायचे, “बाई, फूल काढा, देव वाजतोय.” आता ते शेठही नाहीत.

मागच्या वर्षी ताई घरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. देवाच्या कृपेने ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. बिबवेवाडीतल्या आमच्या घरात त्या खिडकीपाशी बसून असायच्या. शेजाऱ्यांकडे फोन वाजला तरी त्यांचा हात उचलला जायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. एकदा त्याच म्हणाल्या, “अगं, तो फोन होता तोवर मला कुणीतरी विचारत होतं.”

मग एक दिवस सुदर्शन आला. मोठ्या शेठजींचा मुलगा, पेढी आता तोच बघतो.

“मावशी, इंटरनेटचा फोन घेतलाय पेढीवर. जुनी लाइन पावसाळ्यात मेलेलीच असायची.”

“मेलेली नाही, आजारी असायची,” ताई म्हणाल्या.

“बरं, आजारी. आता पोत्यांवर छापलेला नंबर तोच राहिला, पण एकाचं बोलणं चाललं असलं तरी दुसऱ्याला एंगेज लागत नाही. आणि पेढीचा फोन कुठेही बसून घेता येतो.”

“घेणार कोण?”

तो जरा अडखळला. “रेकॉर्ड केलेला आवाज लावायचं चाललंय. मालासाठी एक दाबा, हिशोबासाठी दोन दाबा.”

“आणि घरच्यांची चौकशी कितीवर?”

सुदर्शन हसला. “म्हणूनच तर आलो. आठवडाभर तुम्ही घरून घेऊन बघा. गिऱ्हाइकांना पटलं तर तुम्हीच. नाही पटलं तर मग रेकॉर्डिंग.”

तो फोन आणि कानाला लावायचं यंत्र मी आधी देवापुढे ठेवलं, मग ताईंच्या हातात दिलं. सकाळी त्या आंघोळ करून, ऑफिसची इस्त्रीची साडी नेसून खिडकीपाशी बसल्या. मला म्हणाल्या, “आता माझ्याशी बोलू नकोस, मी यार्डात आहे.”

पण गिऱ्हाइकं कचरायला लागली. कुणी दोन शब्द बोलून ठेवून देई, कुणी नुसतंच ऐके. का, ते बार्शीच्या बापूरावांमुळे कळलं. त्यांची मसाल्याची गिरणी आहे, जुनं गिऱ्हाईक.

“नमस्कार बापूराव, घरचे बरे आहेत ना?”

“आवाज तर बाईंचाच हाय,” पलीकडून संशयाने उत्तर आलं. “पण मागं एवढं गप्पगार कसं? हमाल कुटं गेले?”

“मी घरून बोलतेय.”

“पेढीच्या नंबरावर घरून? असं कुटं असतंय व्हय?”

नेमकी तेव्हाच माझ्या कुकरची शिट्टी झाली.

“यार्डात कुकर कवापास्नं लावाय लागले? हल्ली आवाजाची बी नक्कल करून फसवत्यात. ठेवा!” आणि फोन बंद.

थोड्या वेळाने सुदर्शनचा फोन. “मावशी, बापूरावांनी मला मोबाईल केला. म्हणतात, कुणी बाई तुमच्या नावाने गंडवतेय. बाकीच्यांनाही शंका येतेय. रेकॉर्डिंगच लावावं लागेल असं दिसतंय.”

ताई देव्हाऱ्याकडे बघत बसल्या. मी गॅस बंद केला आणि मनात म्हटलं, गणराया, एवढं बघ रे.

मग ताईंनी पदर सारखा केला, फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि स्वतःच बापूरावांना लावला. ते पुन्हा ठेवायच्या आत म्हणाल्या, “एक मिनिट थांबा, यार्ड देते.” सुदर्शनने दाखवलेलं बटण दाबून त्यांनी गोदामातल्या काट्यापाशी बसवलेला फोनही त्याच बोलण्यात घेतला. तिथे मुनव्वरभाई, पेढीवरचे जुने तोलणारे.

“मुनव्वरभाई, काही विचारू नका. फोन काट्याकडे करून धरा.”

आणि आमच्या स्वयंपाकघरात यार्ड आलं. पोतं आदळलं, “अरे पाय बघ, पाय!” असं कुणी ओरडलं. मुनव्वरभाईंना मोठी शिंक आली. मग तेच म्हणाले, “कोण, बापूराव का? अहो, बाईच आहेत त्या. घरात पडल्या, पाय मोडला, तेव्हापासून त्यांची खुर्ची इथे रिकामी आहे, आम्ही कुणाला बसू देत नाही.”

बापूराव म्हणाले, “हां. आता लागला फोन. घ्या बाई, लिवून घ्या. आणि पडलाय म्हणं तुम्ही? सांगायचं न्हाई व्हय?”

ताईंना लिहिता येईना. डोळे पुसत होत्या, जणू मिरचीच उडाली होती. बापूरावांनी सगळीकडे सांगितलं असावं, कारण त्यानंतर गिऱ्हाइकं फोन लागला की आधी पायाचं विचारतात. सुदर्शनने रेकॉर्डिंगचं नाव काढलं नाही.

आता दुपारी फोन कमी असले की ताई काट्यापाशी फोन लावतात. “मुनव्वरभाई, काम काही नाही. जरा तसाच राहू द्या.” मग फोन मोठ्या आवाजावर ठेवून चहा घेतात. मीही त्यांच्याजवळ बसते. परवा तिकडे कुणीतरी शिंकलं, आणि इकडे ताईंनी पदर नाकाला लावला.