लेओंतीनचं तितर

"पाय काढा भावजी! त्या पाखरावरनं बूट काढा आधी!"

"वरडतीस कशाला? मेलंय ते. त्याला काय दुखतंय व्हय?"

"त्याला न्हाई, मला दुखतंय."

कोनरादनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तितर उताणं पडलेलं, पंख दोन्हीकडं पसरलेले, आणि पंखांच्या मुळाशी त्याचे दोन बूट. त्यानं वाकून तितराच्या तंगड्या धरल्या आणि सावकाश वर ओढल्या. फर्रकन आवाज झाला. छातीचा गुलाबी गोळा पंखांसकट खाली राहिला. तंगड्या, पाठ, मुंडी, आतडी, सगळं त्याच्या मुठीत लोंबायला लागलं. ते त्यानं झुडपात भिरकावून दिलं.

"बघ. पिसं उपटाय नकोत का सुरी नको. चाळीस वर्सं ह्या कॅम्पावर असंच चाललंय."

"म्हंजी चाळीस वर्सं तंगड्या कावळ्यांच्या घशात घालताय म्हना की."

"हितं कावळं न्हाईत. ती राखाडी पाखरं हायती, राखी चोर म्हनत्यात त्यास्नी," असं म्हणून कोनराद हसला आणि त्यानं दुसरं तितर बुटाखाली घेतलं.

लेओंतीन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वय बासष्ट, बांधा ठेंगणा, दंड लोहाराचे. सेंत-ओडील गावच्या शाळेच्या खानावळीत तिनं सव्वीस वर्षं तीनशे पोरांना जेवू घातलं होतं. तिच्या एका नजरेत पोरं गाजरं संपवायची. पण कोनराद म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, रानातल्या ह्या शिकारी कॅम्पाचा मालक, आणि त्यानं आयुष्यात कधी गाजर खाल्लं नव्हतं.

अबितिबीत, त्या उत्तरेच्या थंड जंगलपट्ट्यात, दर ऑक्टोबरला पुरुषमाणसं मूसच्या, म्हणजे घोड्याहून थोर शिंगाळ्या सांबराच्या, शिकारीला रानात जातात. मूस एखाद्या वर्षी मिळतो, एखाद्या वर्षी नाही. तोवर पोट भरतं ते वाटेवरच्या तितरांवर. पुस्तकात त्या पाखराला ग्राउज म्हणतात, पण पुस्तक वाचून ते कुणी शिजवत नाही. लेओंतीन पोर होती तेव्हा बापाबरोबर बर्चच्या झाडांखाली तारेचे फास लावायची. बारा भावंडांत नववी. फासात तितर सापडलं की आईच्या कोबीच्या हंडीत जायचं, आणि ज्यानं फास लावला त्याला तंगडी मिळायची. लेओंतीनला बऱ्याचदा मिळायची. मग लग्न झालं, आणि रान सुटलं. एकतीस वर्षं ती नवऱ्याच्या, एर्वेच्या, पिशवीत लोकरीचे मोजे भरत होती, दारात उभी राहून गाडी जाताना बघत होती. बायकांनी कॅम्पावर यायचं नाही, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पण आलं कुणी नव्हतं.

यंदा कॅम्पाचा आचारी वाल्मोर गुडघेदुखीनं घरी बसला. उरलेल्या चौघांत पाणी उकळण्यापलीकडं कुणाला फारसं काही येत नव्हतं. लेओंतीन उभी राहिली आणि म्हणाली, "मी येते."

कोनरादनं दोन मिनिटं तंबाखू चघळली. "ये. पर आयतवारच्या दुपारच्या जेवनाला चौघांतल्या एकानं जरी नाक मुरडलं, तर तू घरी. पुन्ना ह्या गोष्टीचं नाव काढायचं न्हाई."

"आन न्हाई मुरडलं तर?"

"तर दर साली तुजी खाट हितं."

तिला ती खाट हवी होती. एवढी, की शुक्रवारी गाडीत बसताना ती नवऱ्याच्या आधी जाऊन बसली होती.

आणि आता शनिवार होता, अकरा वाजत आले होते, आणि आत चुलीवर तिची हंडी होती. घरून आणलेली दोन सबंध तितरं, कोबीचे चार-चार तुकडे, डुकराची खारवलेली चरबी, कांदा, दोन लवंगा. घरी ती हंडी तीन तास भट्टीत ठेवायची आणि मधल्या वेळात पडदे इस्त्री करायची. पण घरच्या भट्टीला आकड्यांची कळ होती. इथल्या लोखंडी चुलीला होतं फक्त तोंड. देवदारासारख्या स्प्रूसच्या फाट्या घातल्या की ती वाघासारखी गुरगुरायची, आणि जरा पाठ फिरवली की गार.

आत जाऊन तिनं झाकण काढलं आणि तिच्या नाकाला समजलं. खालचा कोबी कोळसा झाला होता. वरचा कडकच्या कडक. मधे तितर, वरून पांढरं, खालून काळं.

चौघं टेबलावर येऊन बसले होते. कोनराद, त्याचा मुलगा रेजां, शेजारचा म्हातारा ओमेर, आणि एर्वे. एर्वे बिचारा खिडकीतून बाहेर झाडं मोजत होता.

"वास तर भारी सुटलाय," ओमेर म्हणाला. "गावात आग लागली तवा असाच सुटल्याला."

"ओमेरकाका, गप बसा की," रेजां म्हणाला, पण त्याचे खांदे हलत होते.

कोनराद उठला, बिडाचा तवा चुलीवर ठेवला, लोण्याचा हा एवढा गोळा टाकला. सकाळच्या तीन छात्या फाडून सहा तुकडे केले, मीठ-मिरी लावली. एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दोन. मधे अजून गुलाबी होतं तेवढ्यातच त्यानं तवा उतरवला आणि पहिला तुकडा लेओंतीनच्या ताटलीत टाकला.

"खा. न्हाईतर म्हनशील, जेवाय दिलं न्हाई."

तिला नको होतं. पण तिनं खाल्लं. आणि घास तोंडात असतानाच तिला कळलं, की जन्मभर तितराची छाती आपण जास्त शिजवत आलो. एवढी मऊ छाती तिच्या आईच्या हंडीतून कधीच निघाली नव्हती. तिथं ती सुतासारखी व्हायची, आणि सगळे ती कोबीबरोबर गिळायचे, कारण तंगडी चांगली असायची.

तिनं काटा खाली ठेवला. "भावजी, हे लई भारी झालंय."

कोनराद एवढा चमकला, की त्याचा स्वतःचा तुकडा ताटलीतच राहिला.

"पर," लेओंतीन म्हणाली आणि दार उघडून बाहेर गेली.

झुडपात राखी चोरांची पंगत बसली होती. लेओंतीननं त्यांच्यावर सरपणाचं एक लाकूड फेकलं, चार शिव्या दिल्या आणि गुडघ्यांवर बसून तंगड्या गोळा केल्या. सहा. पाठी तीन, काळजं तीन. एका तितराच्या गळ्याखालची चाऱ्याची पिशवी अजून लोंबत होती. तिनं ती फोडली. आत तिपानी क्लोव्हर गवताची पानं आणि ताज्या, लालभडक रानबोरांचा ढीग.

"रेजां! ही बोरं कुटं हायती रं?"

"नाल्याच्या पल्याड, काकी."

"मग सांजंला मला टोपीभर आन. आन तुमी सगळी ऐका. आतापासनं पाखरू सबंध माज्या हातात आलं पायजे. कुनी बूट ठेवला, तर त्याला बूटच शिजवून घालीन."

दुपारभर ती चुलीसमोर स्टूल टाकून बसली आणि चूल शिकली. स्प्रूस फक्त पेटवायला. आच धरून ठेवते ती जाडी बर्चची फळी. मधोमध हंडी ठेवायची नाही. मागच्या कोपऱ्यात, दोन चपट्या दगडांवर. पाणी नुसतं हललं पाहिजे, उकळायला नको. रेजांनं तिन्हीसांजेला दोन सबंध तितरं आणि टोपीभर बोरं आणून दिली. रात्री सगळ्यांनी मुकाट्यानं डब्यातला घेवडा खाल्ला.

रविवारी पहाटे उठून तिनं तंगड्या, पाठी आणि काळजं चरबीत परतली, वर कोबी आणि कांदा, मूठभर बोरं, झाकण, दगडांवर. साताला कोनराद बंदूक घेऊन गेला. नऊला परत आला तो दोन तितरं तंगड्यांना धरून, सबंध. टेबलावर ठेवली आणि छताकडं बघत म्हणाला, "बूट ओला हुता."

"व्हय, व्हय," लेओंतीन म्हणाली. "दोन्ही वल्लं असत्याल."

बाराला तिनं हंडी टेबलाच्या मधोमध आणली. झाकण काढलं तसं ओमेरनं टोपी काढली. कोबी लोण्यासारखा, रस तांबूस, तंगडीचं मांस हाडावरून आपोआप सुटलेलं. मग तिनं तवा तापवला, लोणी टाकलं, आणि छात्या दोन मिनिटं, दोन मिनिटं, गुलाबी असतानाच सरळ तव्यावरून ताटल्यांत. एकाच पाखराची दोन जेवणं.

पावानं ताटल्या पुसल्याचा आवाज तेवढा येत होता. ओमेर तंगडीचं हाड चोखून चोखून पांढरं करत होता. एर्वेनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि बायकोकडं बघितलं ते लग्नाच्या दिवशीसारखं. मग लाजून मीठ मागितलं.

"बोला," लेओंतीन म्हणाली. ती बसली नव्हती. एप्रनचं टोक मुठीत धरलेलं. "एकएकानं बोला."

"ऱ्हावा काकी," रेजां म्हणाला.

"ऱ्हा बाई. वाल्मोरला आता घरीच ऱ्हाऊ द्या," ओमेर म्हणाला.

एर्वे म्हणाला, "माजं मत धरत्यात का?"

"न्हाई," लेओंतीन म्हणाली.

"तरीबी, व्हय."

सगळे कोनरादकडं बघायला लागले. तो हंडीत वाकला होता, तळाला पाव फिरवत. बराच वेळ त्याचं डोकंच वर येईना.

"भावजी, नाक मुरडायचं आसंल तर हंडीतनं भायेर काढून मुरडा."

कोनरादनं डोकं काढलं. मिशीला कोबी लागला होता. "चाळीस वर्सं," तो म्हणाला. "चाळीस वर्सं आमी त्या चोरांना तंगड्या खाऊ घातल्या. म्हनूनच ती लेकाची येवढी माजल्याती." त्यानं हातातला पाव खाल्ला. "खिडकीजवळची खाट तुजी. थितं वारं कमी लागतंय. आन फुडल्या साली गाडीत मागं बस, फुडची जागा माजी हाय."

"फुडची माजी," लेओंतीन म्हणाली.

ओमेर एवढा हसला की त्याला ठसका लागला, आणि रेजांनं त्याच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या. कोनरादनं मिशी पुसली, पण कोबी तिथंच राहिला, आणि कुणी सांगितलं नाही.

लेओंतीन हसत होती, गाल लालबुंद, पण चूल परत गुरगुरायला लागली होती. तिनं चुलीचं दार उघडलं, आत बर्चची एक जाडी फळी सारली आणि परातीत पीठ ओतलं. उद्याचा पाव व्हायचा होता.

"उठा आता," ती म्हणाली. "मूस काय हितं टेबलाखाली येनार न्हाई. आन जाताना ती राख भायेर टाका."

चौघं बूट शोधायला लागले. तिनं बाह्या वर केल्या आणि मळायला घेतलं.