पदराची पट्टी

भूमच्या बाजारात वाकळा शिवणाऱ्या म्हातारीमुळं मी इथं टिकले. मी गडचिरोलीची, सातवीत शाळा सोडलेली. इथल्या शिवणशाळेत राहून टाकाऊ कापडातून भारी कपडे शिवायला शिकते. टेपाचे आकडे चुकून परीक्षेच्या जॅकेटची पाठ आखूड कापली. नापास झाले तर घरी पाठवणार होते. रडत तिच्याकडं गेले. तिनं वितीनं पाठ मोजली, नेसत्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला आणि ती पट्टी पाठीला जोडायला घेतली.

“आजी, तुमचं लुगडं!”

“येडे, रडतीस काय? मला आता कोण बघतंय?”

परीक्षेत जॅकेट बघून शिवणशाळेच्या मॅडमनी खूश होऊन विचारलं, “ही पट्टी कुठली?” चूक उघडी पडेल या भीतीनं मी म्हणाले, “टाकाऊतली.”

पुढच्या बाजारी म्हातारी उन्हात उघड्या डोक्यानं बसली होती. पदर पुरत नव्हता. एक दिवस तिला डोक्यावरून पदर येईल असं लुगडं मी नेसवीन.