होडीच्या फळीवरचा चेहरा

एकोणीसशे तीसच्या सुमारास रेवदंड्याच्या शाळेत माझ्याबरोबर एक ड्रॉइंग मास्तर होते. कुठल्याशा जर्मन मासिकातली लाकडी ठशांची चित्रं पाहून त्यांनी मोडक्या होडीच्या फळीवर स्वतःचा चेहरा कोरला. मग दर नारळी पौर्णिमेला आरशात बघून तीच फळी आणखी कोरायची, शाई लावून कागदावर दाबायची. कोरलेलं कागदावर पांढरं राही, त्यामुळे चेहरा वर्षागणिक विरत चालला.

"नवी फळी घ्या की, मास्तर," मी म्हणायचो.

"थोबाड तरी कुठं नवं गावतंय?"

शेवटच्या ठशात नुसते डोळे उरले. छिन्नी खाली ठेवून ते म्हणाले, "एवढे असू देत. तुम्हाला वळख पटायला हवी."

माझ्याकडचा तो कागद आता पिवळा पडलाय. मी चष्मा शोधतो, तोवर ते डोळे मला ओळखून मोकळे होतात.