माझ्या नावानं आलेलं सामान

निवृत्तीनंतर कुंभकोणम्‌ला जाऊन राहायचं, हे माझ्या नवऱ्याचं फार जुनं ठरलेलं होतं. माझं तसं काही ठरलेलं नव्हतं. मी मूळची कऱ्हाडची. लग्न होऊन स्कॉटलंडमध्ये डंडीला गेले, तिथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, तिथेच मुलगी झाली, पुढे तिथलं नागरिकत्वही घेतलं. कुंभकोणम् हे माझं सासर खरं, पण दोन-तीन वर्षांतून एकदा जायचं, नातेवाइकांना भेटायचं, तिरुभुवनम्‌ला जाऊन रेशमी साडी घ्यायची आणि परतायचं, एवढाच माझा त्या गावाशी संबंध. तिथे म्हातारपण काढायचं म्हणजे मला परदेशी जाण्यासारखंच वाटत होतं. पासपोर्ट पाहिला तर ते खरंही होतं.

सासरची माणसं मराठी. मराठ्यांच्या राज्यात त्यांचे पूर्वज तंजावरकडे आले आणि तिथलेच झाले. घराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, घरात मराठी. पण ते मराठी ऐकताना लग्नानंतर पहिली काही वर्षं मला हसू आवरायचं नाही. माझी थोरली जाऊ 'बसा' न म्हणता 'बैसा' म्हणते, 'कुठे'ला 'कोठें' म्हणते, आणि मध्येच 'सीक्रम् येतें' म्हणून निघून जाते. सीक्रम् म्हणजे लवकर. माझं बोलणं तिला वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटतं, असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणते.

आम्ही निघायच्या आदल्या वर्षी थोरल्या दिरांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. त्यांना मूल नाही. अक्का एकटी किती करणार? माझा नवरा तेव्हा नुकताच नोकरीतून मोकळा झाला होता. तो लगेच निघाला आणि महिनोन्‌महिने कुंभकोणम्‌मधल्या मेलकावेरी भागातल्या त्यांच्या घरात राहिला. मधे एकदा डंडीला येऊन गेला, पुन्हा गेला. भावाला उठवणं-बसवणं, व्यायाम करून घेणं, तंजावरच्या डॉक्टरांकडे नेणं, सगळं त्यानं केलं. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं, त्यामुळे मी फक्त पंधरा दिवस जाऊन आले.

दीर हळूहळू सुधारले. काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले. नवरा परत आला तो मनानं तिकडेच राहिला होता. भावाच्या घरावर आमच्यासाठी वरचा मजला बांधून झालेला होताच. तो मला म्हणाला, आता आपण जाऊ या. मी म्हणाले, एक वर्ष राहून बघू. तो त्यालाही तयार झाला. मुलीला मी वेगळं सांगून ठेवलं होतं. ती एडिंबरोला राहते. तिच्या घरातल्या लहान खोलीत माझ्यासाठी एक कपाट रिकामं ठेव म्हटलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. तिला माझा स्वभाव माहीत आहे.

घर विकायला काढलं आणि सामानाचा प्रश्न आला. परदेशातून कायमचं राहायला येणाऱ्याला वापरातलं घरसामान जकात न भरता आणता येतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. नवऱ्यानं चेन्नईच्या एका एजंटाला फोन लावला. बंदरातून लोकांचं सामान सोडवून द्यायचं त्याचं काम होतं. माणूस शांत, सावकाश बोलणारा. त्यानं सामानाबद्दल विचारायच्या आधी माणसांबद्दल विचारलं. गेल्या दोन वर्षांत तुम्ही भारतात किती राहिलात? नवऱ्यानं खरं ते सांगितलं. भावाच्या आजारपणाचंही सांगितलं.

 एजंट म्हणाला की मग तुमची अडचण आहे. सवलत हवी तर माणूस त्या दोन वर्षांत मुख्यतः परदेशात राहिलेला असावा लागतो. मधल्या भेटींना मर्यादा आहे आणि तुम्ही ती ओलांडली आहे. आजारपणाचं कारण दाखवून वरिष्ठांकडे अर्ज करता येतो, मान्य होईलही, पण खात्री नाही आणि तोवर सामान बंदरात पडून राहील.

नवऱ्याचा चेहरा उतरला. भावासाठी राहिला म्हणून ही शिक्षा, असं तो म्हणाला नाही, पण मला तेच वाटलं. फोन चालूच होता. एजंटानं विचारलं, "आणि मॅडम किती राहिल्या होत्या?"

पंधरा दिवस, असं कळल्यावर त्याचा आवाज बदलला. मग काही काळजी नाही, म्हणाला. घर दोघांचं आहे, सामान दोघांचं आहे. सगळं मॅडमच्या नावानं पाठवा. राहायला त्या येताहेत, असं त्यांनीच सांगायचं. मात्र तपासणीच्या वेळी त्यांना स्वतः हजर राहावं लागेल. जाता जाता त्यानं एक सांगितलं की मोठा टीव्ही आणू नका, त्यावर जकात लागतेच. टीव्ही आम्ही शेजाऱ्यांना दिला.

अशी सगळी जबाबदारी माझ्या अंगावर येऊन पडली. ज्याला जायचं होतं त्याला तसं म्हणता येत नव्हतं, आणि जिला जायचं नव्हतं तिनं, मी तिथे राहायला येते आहे, असं सरकारला सांगायचं होतं. नवऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. त्या संध्याकाळी त्यानं चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, तुला नको असेल तर मी अर्जाच्या वाटेनं जाईन. मी म्हटलं, राहू दे, माझ्या नावानंच पाठवू. सोयीचं होतं म्हणून म्हटलं. त्यापलीकडे तेव्हा मी विचार केला नव्हता.

सामान बांधायला माणसं आली. पलंग, कपाटं, नवऱ्याची आरामखुर्ची, माझं शिवणयंत्र, भांडीकुंडी, पुस्तकं. मी लोकरीच्या रजया एका खोक्यात भरल्या आणि त्यावर माझे बर्फातले बूट ठेवले. आतून मऊ लोकर असलेले, गुडघ्यापर्यंत येणारे. बांधणाऱ्या माणसानं मला, हे भारतात नेताय का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं आणि खोकं बंद करायला लावलं.

आम्ही आधी पोहोचलो, सामान मागून जहाजानं यायचं होतं. मेलकावेरीच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन चटया, दोन उशा आणि अक्कानं दिलेला एक स्टोव्ह एवढ्यावर आम्ही संसार मांडला. जेवण खाली अक्काकडे. सकाळी ती मला बाजारात घेऊन जायची. भाजीवाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करायची आणि माझ्याकडे वळून मराठीत सांगायची की हा लबाड आहे. मी तिच्यामागून पिशवी घेऊन फिरायचे. दिवस वाईट जात नव्हते. पण मुलीशी बोलताना मी अजून 'तिथे' म्हणजे कुंभकोणम् आणि 'इथे' म्हणजे स्कॉटलंड असंच बोलायचे. फोन मेलकावेरीतून करत असले तरी.

जहाज लागल्याचा निरोप आला आणि आम्ही गाडी करून चेन्नईला गेलो. एजंट आम्हाला बंदराजवळच्या एका मोठ्या आवारात घेऊन गेला. पत्र्याच्या छपराखाली आमचं घर खोक्यांमध्ये उभं होतं. ऊन इतकं होतं की खोक्यांवर चिकटवलेली चिकटपट्टी सुटायला लागली होती. जकात खात्याच्या अधिकारी एक बाई होत्या. पन्नाशीच्या, कपाळावर कुंकू, डोळ्यांवर जाड चष्मा. माझा पासपोर्ट त्यांनी पानापानानं पाहिला. नवरा काही सांगायला पुढे झाला, तेव्हा त्यांनी त्याला हातानं थांबवलं. सामान यांचं आहे, यांनाच बोलू द्या, असं त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

माझं तमिळ म्हणजे भाजीबाजारातलं. नवरा दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. 

त्यांनी काही खोकी बोट दाखवून उघडायला सांगितली. शिवणयंत्र निघालं. ते जुनं आहे हे दिसतच होतं, त्याच्या लाकडाला माझ्या हाताचा काळसर डाग होता. भांडी निघाली. आणि मग ते रजयांचं खोकं उघडलं. सर्वांत वर बूट.

बाईंनी एक बूट उचलला, आत हात घालून लोकर चाचपली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कुंभकोणम्‌ला हे कशाला, असं त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण प्रश्न खराच होता. तिथे बर्फ पडत नाही हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. एजंट काहीतरी हसून सांगायला लागला, की मॅडमनी आठवण म्हणून आणलेत. मी त्याला म्हटलं, तसं नाही. आणि मग मला येत होत्या तेवढ्या तमिळ शब्दांत, अडलं तिथे इंग्रजीत, सांगितलं की सामान बांधलं तेव्हा माझं मन तयार नव्हतं. परत जावं लागलं तर असू देत म्हणून हे घेतले.

एजंटाच्या कपाळावर घाम आला. नवरा मान खाली घालून उभा होता.

बाईंनी बूट जागेवर ठेवला. त्यांनी मला सरळ विचारलं, "इंगेये इरुप्पींगळा?" म्हणजे, इथेच राहणार का?

मला वाटलं होतं की या प्रश्नाला मी घोटाळेन. मुलगी डोळ्यांपुढे आली, डंडीच्या नदीवरचा वारा आठवला. पण बाजाराची पिशवी घेऊन अक्काच्या मागे चालणारी मीही मला दिसले, आणि रोज सकाळी भावाचा हात धरून अंगणात फेऱ्या घालणारा माझा नवरा दिसला. त्या माणसाला तिथून उठवून मी कुठे नेणार होते? आणि खरं म्हणजे मला तरी कुठे जायचं होतं? हे मी ठरवून बोलले नाही. तोंडातून आलं.

"इंगदान इरुप्पेन," मी म्हटलं. इथेच राहीन.

बाई किंचित हसल्या. माझं तमिळ कुठलं, असं त्यांनी विचारलं. जावेकडून शिकते आहे, म्हटलं. त्यांनी आणखी एक-दोन खोकी नुसती बाहेरून पाहिली, सही केली आणि सगळं सामान घरचं आणि वापरातलं म्हणून जकातीशिवाय सोडलं. एजंटानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मी तिथेच एका खोक्यावर बसले. छातीवरचं ओझं गेलं होतं, आणि ते सामानाचं ओझं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं.

परतताना आम्ही विळुप्पुरम्‌च्या पुढे रस्त्याकडेच्या हॉटेलात कॉफी प्यायला थांबलो.  कॉफी गार करता करता नवरा म्हणाला, "जकातीची मला भीती नव्हती. ती भरली असती. तू काय उत्तर देतेस त्याची होती."

मी विचारलं की मी नाही म्हटलं असतं तर काय केलं असतं. तो म्हणाला, तुझ्याबरोबर परत आलो असतो, भावाला सांगायचं कसं एवढाच विचार करत होतो. हे तो अगदी साधेपणानं बोलला. मी त्याच्या पेल्यातली उरलेली कॉफी माझ्या पेल्यात ओतून घेतली. तेवढ्यात मुलीचा फोन आला. सामान सुटलं का, तिनं विचारलं. सुटलं म्हटलं, आणि ते कपाट तुझ्या कपड्यांना वापर, असंही सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, माझे कोट खुर्चीवर पडले होते.

सामान दोन दिवसांनी आलं. लॉरी आमच्या गल्लीत शिरेना, म्हणून कोपऱ्यावर उतरवून छोट्या टेम्पोतून आणावं लागलं. अर्धी आळी बघायला आली. जिन्याचं वळण अरुंद, तिथे पलंगाची डोक्याकडची फळी अडकली, ती सोडवताना भिंतीचा रंग निघाला. अक्का खालून सूचना देत होती, अर्ध्या तमिळमध्ये हमालांना आणि अर्ध्या मराठीत मला. दुपार व्हायच्या आत सगळं वर चढलं.

हमाल गेल्यावर खालून काठीचा आवाज आला. थोरले दीर जिन्याशी आले होते. आजारपणानंतर त्यांनी जिना चढलेला नव्हता. नवरा धावत खाली जाऊ लागला, तर अक्कानं त्याला नको म्हणून खुणावलं. दीर एक पायरी चढायचे, थांबायचे, कठडा धरून श्वास घ्यायचे. वळणावर, जिथे पलंग अडकला होता तिथे, ते बराच वेळ उभे राहिले.  मग ते आले. खोक्यांमधून वाट काढत नवऱ्याच्या आरामखुर्चीपर्यंत पोहोचले, बसले, खुर्चीचे हात चाचपले आणि अडखळत म्हणाले, "चांगली आहे. मी रोज येतों."

नवऱ्यानं पंखा लावला. थोड्याच वेळात दीर त्या खुर्चीत झोपून गेले. त्यांना उठवायचं कुणाच्याही मनात नव्हतं. अक्कानं खालून भात, सांबार आणि केळीची पानं वर आणली. आम्ही दोघींनी खोकी भिंतीकडे सरकवली, फरशी पुसली आणि तिघांची पानं तिथेच मांडली. चौथं पान त्यांच्यासाठी झाकून ठेवलं.