झुंबरबाईच्या बत्तीस पायऱ्या

औंढ्याच्या झुंबरबाईला निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भाकरीसुद्धा ती उकिडवी बसून खायची, उठायला बरं म्हणून. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. उरलं दोन बिघे रान आणि पाण्याचा हंडा. झरा गावाच्या खाली, वाट उभ्या उताराची आणि घसरडी. बावीस वर्षं हंडा वर चढवून तिचा डावा गुडघा आता कुरकुरायला लागला होता.

त्या वाटेला पायऱ्या करायच्या, असं गावानं अकरा वर्षांपूर्वी ठरवलं. दगडही आणून टाकले आणि त्यात सरडे राहायला आले. दत्तोबा पाटील दर पाडव्याला म्हणायचे, "औंदा करू." बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, आणि गाव ती कढी अकरा वर्षं भुरकत होतं.

अडतीस सालच्या माघात पुण्याच्या एका सेवा संस्थेनं मार्था नावाची स्विस पोरगी औंढ्याला धाडली. संस्थेची रीत अशी की तिकडच्या तरुणांनी इकडं येऊन फुकट राबायचं आणि इकडच्यांनी तिकडं जाऊन. दुभाष्या म्हणून लोणावळ्याचा इकबाल आला. तो नुकता मॅट्रिक झालेला, त्याच संस्थेत नाव घातलेला. मार्था झुंबरबाईकडं उतरली. पायऱ्यांना मुदत पंधरा दिवस.

पहिल्याच दिवशी मार्थानं घमेलं उचललं, ते गावातल्या भिमाजीनं काढून घेतलं. "बाय, तुमी पाव्हन्या." तिनं कुदळ धरली, ती सोपाननं घेतली. बरं, घेतली तर चालवावी की नाही? छे. पाहुणीला एकटं बसवून काम करणं बरं दिसत नाही म्हणून सगळे तिच्याभोवती बसले. गूळ आला, शेंगा आल्या, चहा आला. रोज हेच. पाचव्या दिवशी मार्थाचे गाल वर आले होते आणि पायरी एकही झाली नव्हती.

"मावशी, ती रडतेय," इकबाल संध्याकाळी म्हणाला. "म्हणते, मी बसायला आले नाही. इथं काम करू देत नसतील तर परवा सुदुंबऱ्याला जाते, तिथं विहीर खणतायत."

 पोरगी गेली की पायऱ्याही गेल्या, हे झुंबरबाईला पक्कं ठाऊक होतं. आणि तिचा गुडघा काही आणखी अकरा पाडवे थांबणार नव्हता.

ती तडक पारावर गेली. "ही आजपासनं माजी लेक. पाव्हनी न्हाई. तिला काम करू द्या."

गाव एका पायावर तयार झालं. आणि दुसऱ्या दिवशी काय? मार्था माहेरवाशीण झाली. शेजारच्या मुक्ताबाईनं तिच्या डोक्यावर तेल थापलं, कासारानं कोपरापर्यंत बांगड्या भरल्या. "माहेरी आल्याली लेक दगड उचलनार? लोक आमच्या तोंडात श्यान घालत्याल," पाटील म्हणाले. काल निदान कुदळीला हात लागत होता, आज तिला स्वतःची पथारी उचलू देईनात. झुंबरबाईनं कपाळ बडवून घेतलं.

सातव्या दिवशी सकाळी ती दगडांच्या ढिगावर जाऊन उभी राहिली. "चुकलं माजं. ही लेक न्हाई, सून हाय."

"अगं, तुला ल्योक कुटं हाय?" पाटील बोलून गेले.

हे तिला तोंडावर कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला ते लागलं, चांगलंच लागलं. ती म्हणाली, "न्हाई. म्हनून मी सासू व्हऊच नये व्हय? लय वरसं वाट बघितली."

पाटलांनी मान खाली घातली. झुंबरबाई मार्थाकडं वळली आणि खेकसली, "दिस कासराभर वर आला, अन् घमेलं अजून रिकामंच? आईनं ह्येच शिकवलं व्हय?"

इकबालला भाषांतर करावं लागलं नाही. मार्थाचा चेहरा फुलला, तिनं घमेलं उचललं. भिमाजीचा हात पुढं आला नि तसाच मागं गेला. सासूसुनेच्या मध्ये पडायची औंढ्यात कुणाची छाती नव्हती.

"झुंबरची सून गोरी असून राबती, अन् तू?" म्हणून मुक्ताबाईनं आपली सून धाडली. दुपारपर्यंत सात सुना आल्या. मग त्यांच्या नवऱ्यांना बसून राहणं जड जाऊ लागलं. पंधराव्या दिवशी बत्तिसावी पायरी बसली. झुंबरबाईचं तोंड रोज दिवसभर चालू असायचं, आणि संध्याकाळी हीच सासू दार लावून सुनेच्या तळहाताच्या फोडांना खोबरेल लावायची.

एकोणचाळीसच्या आषाढात मार्थाचं पत्र आलं. इकबालनं वाचून दाखवलं. 'आता तुमची पाळी. संस्था भाडं देतेय, आमच्याकडे या. आईला सांगितलंय, तुम्ही तिच्या विहीणबाई. विहिणीला कशाला हात लावू द्यायचा नसतो, नुसतं बसवायचं असतं, हेही सांगितलंय.'

"नुसतं बसायचं? किती दिस?"

"पंधरा."

झुंबरबाईनं उकिडव्यानंच बोटांवर पंधरा मोजले. मग म्हणाली, "लिव, येते."

श्रावणात तिकडं लढाई पेटली आणि जाणं राहिलं. "लढाई काय जलमभर चालतीया?" झुंबरबाई म्हणाली. पण तेव्हापासून पाणी आणताना ती सोळाव्या पायरीवर हंडा टेकवायची आणि चांगली मांडी घालून बसायची.

"मावशी, दमलाव?" येणारा-जाणारा विचारायचा.

"न्हाई रं. बसायची सवय करतीया. विहीन म्हनून जायाचंय, तितं उकिडवं बसून कसं चालंल?"