मुका फोन

माझे बाबा आंतरराष्ट्रीय माणूस आहेत. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर ओळीनं घड्याळं लावलेली आहेत आणि प्रत्येक घड्याळाखाली एकेका देशाच्या नावाची चिठ्ठी आहे. कुठे आत्ता सकाळ झाली, कुठे माणसं झोपली, हे ते मान न वळवता सांगतात. आमच्या घरात किती वाजले आणि जेवायचं कोण थांबलंय, हे मात्र त्यांना फोन करून कळवावं लागायचं.

नशेतून सुटलेल्या आणि सुटू बघणाऱ्या माणसांची जगभर पसरलेली एक संघटना आहे. आतली माणसं तिला फेलोशिप म्हणतात. तिथे डॉक्टर नाही, फी नाही, आडनाव नाही. एका खोलीत गोल करून बसायचं आणि ज्यानं त्यानं आपली कर्मकहाणी सांगायची. पण जगभर गोल करून बसायचं म्हटलं की पुस्तिका लागतात, त्यांची भाषांतरं लागतात, खोके बांधून बोटीवर चढवावे लागतात, फोन उचलायला माणूस लागतो. त्यासाठी निरनिराळ्या देशांत छोटी छोटी ऑफिसं आहेत आणि त्या सगळ्यांचा कारभार बाबा इथून बघतात. स्वतः नशेतून उठले, फेलोशिपच्या खुर्च्या मांडायला लागले आणि मांडता मांडता इथवर पोचले. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा आम्ही सांगतो, ते पुस्तकांच्या एक्स्पोर्टमध्ये आहेत. तसं बघितलं तर खोटंही नाही.

ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. खाली मशीन सुरू झालं की वरच्या कपबशा थरथरतात. पहिल्या खोलीत फोन आणि घड्याळं, दुसरीत खोके, तिसरीत मीटिंग. भिंतीवर कुणाचा फोटो नाही, कारण तो लावायचा नसतो. दारावर साहेबाची पाटी नाही, कारण तिथे कुणी साहेब नसतो. सगळं सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि एखादा नाही म्हणाला तर त्याचं पुन्हा एकदा ऐकून घ्यायचं. त्यामुळे कुठल्याशा देशात पुस्तिकेचं मुखपृष्ठ निळं की हिरवं यावर असा काथ्याकूट झाला की अर्ध्या लोकांनी वेगळी खोली भाड्यानं घेतली. बाबा दोन्ही बाजूंना आळीपाळीनं फोन करत होते. "तुमचं म्हणणं मला समजतंय," असं इतक्या मायेनं म्हणत होते की ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची. घरी मी गॅस संपला म्हटलं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची.

आता माझा भाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून घरात सगळे त्याला धाकटा म्हणतात. बाबांनी जी वाट सोडली ती यानं धरली. आधी गोळ्या, मग सुई. मग घरातून निघून गेला. आई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली ती तिथेच बसून राहिली. मी शिवणाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, दिवसभर उभी असते. सुटल्यावर पुलाखाली जायची, बस डेपोच्या मागे जायची, सरकारी दवाखान्याच्या आवारात जाऊन पांघरुणं उचलून तोंडं बघायची. बाबा येत नव्हते.

"ओढून आणलेला टिकत नाही गं," ते म्हणायचे. "त्याला स्वतःला वाटलं पाहिजे. आपण दार उघडं ठेवायचं."

"आणि तोवर मेला तर?"

यावर ते पुन्हा फोनकडे वळायचे. ते मला सगळ्यात जास्त झोंबायचं. परदेशातल्या कुठल्या कोण पोरासाठी हा माणूस कानाला रिसीव्हर लावून तासन्‌तास बसतो, आणि पोटच्या पोरासाठी म्हणे दार उघडं ठेवायचं. दार काय, वाऱ्यानंसुद्धा उघडं राहतं.

पुलाखालच्या एका बाईनं सांगितलं, तुझा भाऊ बऱ्याच दिवसांत दिसला नाही. त्या दिवशी मी कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकली आणि सरळ ऑफिसात गेले. आज सोक्षमोक्ष लावायचा असंच ठरवून गेले. बाबा टेबलावर खोका ठेवून दोरी आवळत होते. समोर त्यांचा पॅकर होता, स्वतःही फेलोशिपचा जुना मेंबर. चिकटपट्टीची गुंडाळी कायम मनगटात अडकवून फिरतो म्हणून त्याला सगळे टेपकाका म्हणतात.

"तुमची साऱ्या जगात ऑफिसं," मी दारातूनच सुरू केलं. "सगळीकडे तुमची माणसं. स्वतःचा मुलगा याच शहरात आहे आणि तुम्हाला सापडत नाही. काय उपयोग आहे हो तुमचा?"

टेपकाकांनी माझ्यासाठी स्टूल सरकवलं. मी बसले नाही. बाबा काही बोलणार इतक्यात फोन वाजला आणि अर्थातच त्यांनी तो उचलला. दोनदा "बोला" म्हणाले, मग बटण दाबून स्पीकर लावला आणि पुन्हा दोरी हातात घेतली. स्पीकरमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

"मुका आहे," टेपकाका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले. "दुपारी करतो. बोलत नाही. आपण ठेवायचा नाही फोन, असा नियम आहे. कोण, कुठून, काही विचारायचं नाही. उपदेश करायचा नाही. आपलंच काहीतरी सांगत राहायचं."

माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे एका मुक्याला गोष्ट सांगणार. मी पर्स खांद्याला अडकवून निघालेच होते. बाबांनी दोरीला गाठ मारली आणि सहज बोलायला सुरुवात केली.

"मी कसा बाप होतो ते सांगतो तुला. एकदा दोन्ही मुलांना बुटांच्या दुकानात घेऊन गेलो. म्हटलं, घालून बघा, मी आलोच. आणि गेलो माल आणायला."

मी थांबले. हे मला माहीत होतं. मी नऊ वर्षांची होते. दुकानदार सारखा विचारत होता, तुमचे वडील कुठे आहेत. मी म्हणत होते, येतीलच. हजार वेळा मी बाबांना त्या दिवसाबद्दल विचारलं होतं आणि हजार वेळा त्यांनी सांगितलं होतं, मला आठवत नाही बेटा, त्या काळातलं मला काहीच आठवत नाही.

"मुलगी माझी फार हुशार," बाबा स्पीकरला सांगत होते. "दुकानदारानं हाकलून देऊ नये म्हणून तिनं भावाला एकामागून एक जोड घालायला लावले. हा टोचतोय, हा सैल होतोय, तो दुसरा दाखवा. पोराच्या टाचा सोलवटल्या, पण तो रडला नाही. हे सगळं मी बघत होतो. परत आलो होतो मी. समोरच्या फुटपाथवर खांबाला टेकून उभा होतो. काचेतून दोघं दिसत होती. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी आत जायची हिंमत झाली नाही. मुलगीच मग त्याचा हात धरून बाहेर पडली. मी त्यांच्या मागे मागे चालत घरी आलो, लांबून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस कुठेतरी बेशुद्ध पडला असेल. त्या एका समजुतीवर मी त्याला माफ करत आले होते.

"तुम्ही बघत होतात?" मी म्हटलं. ओरडले असेन, कारण खालचं मशीन चालू होतं तरी टेपकाका दचकले. "समोर उभे होतात आणि बघत होतात? आणि मला म्हणता आठवत नाही? जे मला सांगितलं नाही ते या कुणा परक्याला सांगता?"

बाबांच्या हातातली दोरी तशीच राहिली. आणि स्पीकरमधून आवाज आला.

"ताई."

एवढंच. पण तो माझ्या भावाचा आवाज होता. तिथे खोलीत कुणाला सांगावं लागलं नाही. जो मुका रोज फोन करून बाबांचं ऐकत होता, तो धाकटा होता.

मी फोनवर झेप घेतली. बाबांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं रिसीव्हर उचलला, स्पीकर बंद झाला, आणि कानालाही न लावता त्यांनी तो टेपकाकांच्या हातात दिला. मग मला धरून खोक्यांच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मी त्यांना मारलं. छातीवर, खांद्यावर, जिथे हात पोचेल तिथे. हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

"घरच्यांनी घरच्यांचा फोन घ्यायचा नसतो," ते म्हणत होते. "तो आपल्याला खोटं बोलेल. आपण त्याला खोटं बोलू. मग तो ठेवून देईल. त्यांना बोलू दे."

"तो माझ्याशी बोलला. मला हाक मारली त्यानं."

"हो. म्हणूनच."

"तुम्हाला माहीत होतं तो आहे?"

"नाही," बाबा म्हणाले. "माहीत असतं तर पहिल्याच दिवशी दुसऱ्याला दिला असता फोन."

म्हणजे त्यांना कळलं असतं आणि ते नियमानं वागले असते तर धाकट्यानं पुन्हा फोन केलाच नसता. केवळ न विचारता, न ओळखता, एका परक्यासमोर मन मोकळं केलं म्हणून तो ऐकत राहिला. मला यात चमत्कार वगैरे काही दिसला नाही. बापाचं खरं ऐकायचं तर मुलाला परका होऊन फोन करावा लागतो, यात कसला आलाय चमत्कार?

टेपकाका दार उघडून आत आले. धाकटा कुठे आहे ते त्यानं सांगितलं होतं. असं एकट्यानं जायचं नसतं, म्हणून त्यांनी आणखी एका मेंबरला बोलावून घेतलं आणि दोघं गेले. बाबा गेले नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही. त्या दोघांनी धाकट्याला आधी दवाखान्यात नेलं. तिथे तो बरेच दिवस होता. अंगाला कंप, ताप, शिव्या, सगळं झालं. त्यानं आईला भेटू दिलं, मला भेटू दिलं. बाबा भेटायला आले की तो भिंतीकडे तोंड करायचा. मग दवाखान्यातून सुटल्यावर टेपकाकांनी त्याला ऑफिसातल्या संध्याकाळच्या मीटिंगला यायला सांगितलं. येईन म्हणाला. पण तो असं पूर्वीही कितीदा म्हणाला होता.

त्या संध्याकाळी मी छापखान्याच्या दारात उभी होते. आला नाही तर पुन्हा पुलाखाली जायची तयारी ठेवूनच उभी होते. तो आला. टेपकाकांबरोबर, हाडांचा सापळा झालेला, माझाच जुना स्वेटर घालून. माझ्याकडे बघून मान हलवली आणि जिना चढून गेला.

मागोमाग मी वर गेले तर बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेले. मीटिंगच्या खोलीचं दार बंद होतं.

"तुम्ही आत नाही गेलात?"

"ही मीटिंग आता त्याची," ते म्हणाले. "मी समोर असलो तर तो खरं बोलणार नाही. मी स्टेशनपलीकडच्या मीटिंगला जात जाईन."

याच खोलीत ते नशेतून उठले होते. आजारी असले तरी ही मीटिंग त्यांनी कधी चुकवली नव्हती. औषधासारखी घेतात ते ती. ती त्यांनी मुलाला देऊन टाकली होती, हे मला कळत होतं. पण माझा राग तसूभरही हलला नाही. आतून हसण्याचा आवाज आला. त्यात धाकट्याचं हसू होतं. कित्येक वर्षांत घरात कुणी ते ऐकलं नव्हतं, आणि ते पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते परक्या लोकांच्या खोलीबाहेर बसून. त्याचाही मला राग आला.

"तुझी माफी मागायची राहिली," बाबा अचानक म्हणाले. "फेलोशिपमध्ये मागायची असते, ज्याला ज्याला दुखावलं त्याची. घरमालकाची मागितली, जुन्या साहेबांची मागितली, तुझ्या आईची मागितली. तुझी राहिली."

"का?"

"तू कधी तक्रारच केली नाहीस. शहाणी होतीस. वाटलं, तुला काही झालं नाही."

धाकटा बिघडला म्हणून त्याला टेपकाका मिळाले, खोली मिळाली, दुपारच्या दुपारी बापाचा आवाज मिळाला. मी बिघडले नाही ही माझी चूक.

"तक्रार करायची राहिली काय?" मी म्हटलं. "आता करते. बसा तिथेच."

"मी समजू शकतो, तुझं—"

"समजू नका. मी काही परदेशातलं ऑफिस नाही. ऐका फक्त."

आणि मी सांगायला लागले. प्रगतिपुस्तकावर मी त्यांची सही करायला शिकले ते सांगितलं. घरी मैत्रीण आणायची नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच कळलं होतं, ते सांगितलं. बाबा एक्स्पोर्टमध्ये आहेत असं म्हणताना माझी जीभ किती सराईत झाली ते सांगितलं. धाकट्याला झोपवून दाराला आतून खुर्ची लावत होते, कुणाच्या भीतीनं ते सांगितलं. आवाज खाली छापखान्यापर्यंत जात असेल, जाऊ दे. बाबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मान खाली घातली की मी म्हणत होते, इकडे बघा, आणि ते बघत होते.

मी बुटांच्या दुकानापर्यंत आले तेव्हा मीटिंग सुटली. माणसं अंग चोरून आमच्या बाजूनं उतरून गेली. कुणी वळून बघितलं नाही, त्या जिन्यावर असलं रोजचं असावं. सगळ्यांत शेवटी धाकटा बाहेर आला. आधी बाबांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या.

"ताई, काय झालं? घरी जायचं ना?"

"थांब जरा," मी म्हटलं. "माझं अजून संपलेलं नाही."

तो थांबला. मग पुढे येऊन बाबांच्या शेजारी त्याच पायरीवर बसला.