न घेतलेल्या भाजीचे भाव

आई गेल्यावर बाबा अमरावतीचं घर बंद करून आमच्याकडे अकोल्याला आले, त्या हिवाळ्यात लसूण चारशे रुपये किलो झाला होता. हे नीट लक्षात आहे, कारण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं फारसं काही राहतच नसे. मी शाळेत गणित शिकवते. शेवटच्या तासाला फळ्यावर वर्तुळ काढता काढता मन किराण्याच्या दुकानात जाऊन पोहोचायचं. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच, पण आतली बिस्किटं दोनाने कमी. तेलाची पिशवी हातात घेतली की हलकी लागायची आणि वर बारीक अक्षरात लिटरऐवजी ग्रॅमचा कसलासा आकडा. तूर तर आमच्याच मातीतली. पातूरला जाताना बसच्या खिडकीतून तिचे पिवळे फुलोरे दूरवर डुलताना दिसतात, पाहता पाहता डोळे जड होतात. आणि तीच तूर डाळ होऊन दुकानात आली की मी दोन किलोऐवजी दीड किलो मागायची.

आमचं घर जठारपेठेत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा नोकरीमुळे सदा फिरतीवर. बाबा रोज सकाळी चहा झाला की डोक्यावर टोपी ठेवून, कापडी थैली घेऊन खाली उतरत. जवळच भाजीची गुजरी भरते, तिकडे जात. तासा-दीड तासाने परत येत तेव्हा थैलीत कधी चार मिरच्या, कधी सांबाराची, म्हणजे आपल्या कोथिंबिरीची, एक जुडी, बहुतेकदा काहीच नसे. मला वाटे, पाय मोकळे करायला जातात. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की ते आपल्या खोलीत जाऊन बसत. दाराआडून हळूहळू पुटपुटण्याचा आवाज येई. जप करत असतील म्हणून मी तिकडे जात नसे. त्या आवाजाने घराला एक संथ लय आली होती. पोळ्या लाटताना माझा हातही तसाच चालायचा.

एका रविवारी मी स्वतः गुजरीत गेले. वांग्यांचा ढीग लावून बसलेली बाई माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "ताई, ते टोपीवाले आजोबा तुमच्याच घरचे काय?"

"हो. माझे वडील."

"रोज येतात. वांगे कसे, टमाटे कसे, सांबार कसा, सारं इचारतात. घेत काईच नाई. मी काय इथं भाव सांगाले बसली?"

आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. माझे कान तापले. मी न लागणारी वांगी किलोभर घेतली आणि घरी आले. दारात बाबा चपला काढत होते. तेही नुकतेच गुजरीच्या दुसऱ्या टोकाकडून परतले होते.

"बाबा, घ्यायचं नसते तर भाव कशाला विचारता?" मी म्हटलं. "लोक मला बोलून राहिले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते गेले नाहीत. गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहू लागले. ऊन त्यांच्या गुडघ्यांवरून सरकत भिंतीवर जाई, भिंतीवरून निघून जाई. जेवताना ते "पुरे" म्हणत, झोपताना "दार लावलं काय" विचारत. दिवस असे गेले की एकातून दुसरा कधी सुरू झाला ते कळू नये. घरात काहीतरी कमी झालंय असं मला जाणवत होतं, पण काय ते सापडत नव्हतं.

मग महिन्याचा किराणा भरायला मी एका मोठ्या दुकानात गेले. तिथे सगळं चकचकीत, थंडगार, वर संथ संगीत. एकावर एक फुकट म्हणून घेतलेल्या डब्यावरची योजना कालच संपलेली निघाली. रांग लांब. गल्ल्यावरच्या मुलीने मोबाइल नंबर मागितला, मग पिशवी हवी का विचारलं आणि पिशवीचे पैसे वेगळे सांगितले. मागच्या महिन्याइतकंच सामान आणि पैसे कितीतरी जास्त. मी बदामाची पुडी परत ठेवायला लावली. मागचा माणूस सुस्कारा सोडत होता.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. स्वयंपाकघरातल्या फरशीवरच बसले आणि एकेक जिन्नस काढत कुणालाही उद्देशून नव्हे, असं बोलू लागले.

"तूरडाळ वाढली. तेल वाढलं. चहापत्ती वाढली."

"अन् शेंगदाणा?"

बाबा दारात उभे होते.

"एकशे साठ," मी म्हणाले.

"जाडा का बारीक?"

"पाहिलं नाही, बाबा."

"पाहाले पायजे होतं. तुही माय पयले तेच इचारे."

ते पाट ओढून माझ्यासमोर बसले. आणि माझ्या डोळ्यांपुढून ते स्वयंपाकघर विरघळून गेलं. मी आठ-नऊ वर्षांची, अमरावतीच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये, शिलाई मशीनखाली पडलेल्या चिंध्यांवर डोकं टेकून पहुडलेली. आई ब्लाउज शिवतेय. बाबा जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या वजनकाट्यावर काम करत, तिथून सुटले की इतवाऱ्याच्या बाजारातून चालत घरी येत. हातपाय धुऊन मशीनजवळ बसत आणि सांगू लागत. ज्वारी काय, गूळ काय, करडीचं तेल काय, अचलपूरकडून संत्र्यांच्या किती गाड्या आल्या, कोणत्या म्हाताऱ्याच्या मेथीवर कालचं पाणी मारलं होतं. मशीनची टकटक आणि बाबांचा आवाज. ऐकता ऐकता सगळा बाजार मला पाण्यात पडलेल्या सावलीसारखा हलताना दिसे, आणि मी झोपून जाई. इतकी वर्षं मी समजत होते, ते दोघं पैशांच्या ओढाताणीचं बोलत असत.

"आई कधी बाजारात जात नव्हती का हो?"

"हौस तं लय होती तिले," बाबा म्हणाले. "पन मशीन सोडून जाईन कशी? लोकायचे कपडे पडले राहत. मंग मीच आनो बाजार घरी. पैसे असो नसो, भाव तं आनता येते."

मी हातातली साखर तशीच धरून बसले.

"शेवटचे दोन वर्सं तिले कूस बी बदलता येत नोती. तरी सांजच्याले इचारेच, आज काय भाव? इकडं आलो तरी रोज सांगो तिले. खोलीत बसून."

"मला वाटलं, तुम्ही जप करता."

"जपच म्हन."

"मग ते सांगणं बंद का केलं?"

"तू म्हनलं ना. अन् इचारल्याबिगर काय सांगू तिले? खोटे सांगू?"

साखर डब्यात ओतली तर अर्धी बाहेर सांडली. बाबाच खाली वाकून ती बोटांनी गोळा करू लागले.

पुढच्या रविवारी मी त्यांना सोबत घेऊन गुजरीत गेले. वांगीवालीला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. तिने लांबूनच हाक मारली.

"काहो आजोबा, कुठी गेल्ते? इतके दिवस झाले, तिकडच्या लायनीत माल कसा इकून राहिले, मले काई समजतच नाई!"

म्हणजे बाबा एका टोकाचे भाव दुसऱ्या टोकाला पोहोचवत होते, आणि ती त्यांची वाट पाहत होती. त्या दिवशी ती तक्रार नव्हतीच. ते आमच्याकडचं थट्टेचं बोलणं होतं आणि मी, इथे जन्मलेली, ते ओळखू शकले नाही.

"तिकडं तीसनं हायेत वांगे," बाबा तिला म्हणाले. "तू चाळीस काहून लावले?"

"माझे पाहा तं खरं, कसे चमकून राहिले!"

बाबांनी एक वांगं उचललं, अंगठ्याने दाबलं, खाली ठेवलं. घेतलं नाही.

महागाई काही कमी झालेली नाही. मी अजूनही पुडे उलटून ग्रॅम वाचते, अजूनही एखादी वस्तू परत ठेवते, अजूनही रांगेत चिडते. फक्त संध्याकाळी आधी मी बाबांना भाव सांगते, ते मला सांगतात, आणि मग ते खोलीत जातात.

मागच्या आठवड्यात ते घराची झाडझूड करायला चार दिवस अमरावतीला गेले होते. मी दुकानाच्या रांगेत असताना त्यांचा फोन आला. मागे इतवाऱ्याचा कल्लोळ, हातगाड्यांची खडखड, कुणीतरी लिंबू विकत होतं.

"साबुदाण्याचा भाव लिहून घे," ते म्हणाले. "मंग पोहे सांगतो."

"मॅडम, पुढे व्हा ना," मागून कुणीतरी म्हणालं. मी मागच्यांना हाताने पुढे जायला सांगितलं आणि फोन कानाशी घट्ट धरला.